ट्राउट स्पेची जुळणी: रीलपासून फ्लायपर्यंत दोर कसा लावायचा

सिॲटलहून आय-९० महामार्गाने पूर्वेला निघालं की दोनेक तासांत एलन्सबर्ग येतं. तिथून यकिमा नदी डोंगरांच्या घळीत शिरते आणि रोझा धरणाकडे उतरते. या पट्ट्यात ही नदी भर उन्हाळ्यात दुथडी भरून वाहते, कारण खालच्या फळबागा आणि हॉप्सच्या शेतांसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडलेलं असतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला ते पाणी कमी केलं की नदी झपाट्याने उतरते आणि मांडीभर पाण्यात उभं राहून गरवता येतं. अडचण एकच. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला रेल्वे, आणि काठाला लागून झाडी. एका हाताच्या नेहमीच्या फ्लाय रॉडने दोर डोक्यावरून मागे फेकायचा म्हटलं तर निम्मे फ्लाय (पिसं-लोकर बांधून किड्यासारखे किंवा लहान माशासारखे केलेले गळ) झाडावरच राहतात.

स्पे पद्धत अशाच काठांवर जन्मली. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवर सॅमन पकडणाऱ्यांनी दोन हातांनी धरायचे लांब रॉड घेऊन दोर मागे न पसरवता, पाण्याला टेकवून तिथूनच पुढे फेकायला सुरुवात केली. ट्राउट स्पे म्हणजे त्याचंच हलकं रूप. साडेदहा ते साडेअकरा फुटांचा रॉड, २ ते ५ वेटचा (रॉड किती वजनाच्या दोरासाठी आहे त्याचा आकडा म्हणजे वेट), आणि प्रवाहाला आडवा टाकून वळणाने खाली येऊ द्यायचा फ्लाय.

रॉड दुकानातून कोणीही घेऊन येतं. रडगाणं सुरू होतं ते पुढे. रीलवर काय गुंडाळायचं, त्याला काय जोडायचं, किती वजनाचं, किती लांबीचं. पैसे कुठे घालायचे असतील तर माझ्या मते मध्यम रॉड आणि नेमकी बसलेली लाइन, म्हणजे दोर, इथे घाला. महागड्या रॉडवर चुकीच्या वजनाची लाइन म्हणजे दिवस वाया.

आधी आकड्यांचा घोळ निस्तरू

रॉडवर ‘३ वेट’ असं लिहिलेलं पाहून तुम्ही नेहमीची ३ वेटची फ्लाय लाइन घेतलीत तर ती या रॉडला जाणवणारसुद्धा नाही. एका हाताच्या रॉडसाठी लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन ठरलेलं असतं. ५ वेटसाठी १४० ग्रेन, ८ वेटसाठी २१० ग्रेन. ट्राउट स्पेच्या ३ वेट रॉडला मात्र साधारण २५० ग्रेनचं हेड (दोराचा पुढचा जड भाग) लागतं, म्हणजे एका हाताच्या ८ वेट लाइनपेक्षाही जड. तेव्हा वेटचा आकडा सोडून द्या आणि ग्रेनमध्ये विचार करा. ग्रेन हे जुनं वजनाचं माप, एक ग्राम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. २५० ग्रेनचं हेड म्हणजे सोळा ग्रामच्या आसपास.

हेडचे दोन प्रकार, स्कॅजिट आणि स्कँडी. त्यांची ओळख पुढे येईल. स्कॅजिट हेडसाठी ढोबळ हिशेब असा: २ वेटला १८० ते २२५ ग्रेन, ३ वेटला २२५ ते २७५, ४ वेटला २७५ ते ३२५, ५ वेटला ३२५ ते ३७५. स्कँडी हेड त्याच रॉडला तीसेक ग्रेन हलकं घ्यायचं. बहुतेक रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरांत ग्रेनची मर्यादा छापलेली असते. ती आणि माझा हिशेब जुळला नाही तर रॉडवरचं खरं माना. मर्यादेच्या दोन टोकांच्या मधे घोटाळत असाल तर शिकताना जड बाजूचं हेड घ्या. रॉड वाकलेला हाताला कळतो, आणि कळला की हात आपोआप सावकाश चालतो.

पहिला रॉड कोणता, हे विचारणाऱ्यांना मी डोळे मिटून ३ वेट सांगतो. बारा ते अठरा इंची ट्राउटला तो पुरतो, लहान मासाही त्यावर मजेत खेळतो.

रील आणि बॅकिंग

इथे फार वेळ घालवायचं कारण नाही. लांब रॉडला पाठीमागे थोडं वजन हवं, म्हणून ३ वेटच्या स्पे रॉडला एका हाताच्या ६-७ वेटचं रील लावतात. वरच्या मुठीखाली दोन बोटांवर रॉड तोलून पाहा. रील, लाइन सगळं चढवल्यावर तो साधारण तिथेच आडवा राहिला पाहिजे. रील घेताना एकच गोष्ट बघा: चौकट चहूबाजूंनी बंद हवी. पातळ रनिंग लाइन उघड्या चौकटीच्या फटीतून निसटते, स्पूलमागे अडकते, आणि नेमकी मासा लागल्यावर अडकते.

बॅकिंग, म्हणजे रीलवर सगळ्यात आधी गुंडाळायचा राखीव दोर, २० पौंडी डेक्रॉनचं, ५० ते ७५ यार्ड. स्पूलला आर्बर नॉटने बांधायचं आणि ताणून, एकसारखं गुंडाळायचं.

रनिंग लाइन

बॅकिंगनंतर येते रनिंग लाइन. साधारण शंभर फुटांची पातळ, घसरती दोरी. हेड पुढे झेपावलं की ते हिला मागे ओढत नेतं. दोन प्रकार आहेत.

मोनो म्हणजे प्लास्टिकची नुसती तार, २० ते ३० पौंडी. ट्राउटच्या हलक्या हेडला ती फार छान निघते, कारण वजन नाही आणि रॉडच्या कड्यांत घर्षणही कमी. पण रीलवर राहून तिला वेटोळ्यांची सवय लागते. नदीवर पोचलात की आधी वीस-पंचवीस फुटांचे तुकडे दोन्ही हातांत धरून सावकाश ताणून घ्या, वेटोळी जातात. न ताणता फेकलीत तर पहिल्याच फेकीत कड्यात गुंता होणार हे गृहीत धरा.

दुसरा प्रकार म्हणजे वरून कोटिंग असलेली रनिंग लाइन. जाडी इंचाच्या २४ ते ३० हजारांश भागाइतकी. अंतर थोडं कमी मिळतं, पण हाताला पकड येते. नोव्हेंबरात बोटं बधिर झाली की ओली मोनो चिमटीत राहत नाही, तेव्हा ही बरी. यकिमावर थंडीत जाणार असाल तर कोटिंगवाली घ्या. तसंही सुरुवातीला कोणालाच फार लांब फेकायचं नसतं. ट्राउट बऱ्याचदा चाळीस फुटांच्या आतच असतात, हे लांब रॉड हातात आला की लोक विसरतात.

कोटिंगवाल्या लाइनला दोन्ही टोकांना कारखान्यातूनच फासे येतात. मोनोला फासा आपण करायचा. टोकाकडचा फूटभर भाग दुहेरी करा, त्या दुहेरी दोराची साधी गाठ घाला, पण टोक एकदाऐवजी दोनदा आतून काढा. थुंकी लावून ओलं करा आणि हळूहळू आवळा. कोरडी गाठ आवळली की मोनो तापून कमजोर होते. हेडकडचा फासा पाच-सहा इंचांचा मोठा ठेवा. एवढा मोठा कशाला, ते पुढच्या पायरीत कळेल. बॅकिंगला जोडताना मोनो असेल तर अल्ब्राइट गाठ, कोटिंगवाली असेल तर फाशात फासा.

हेड: स्कॅजिट की स्कँडी

फेकीचं सगळं वजन हेडमध्ये असतं. ट्राउट स्पेमध्ये दोन घराणी चालतात.

स्कॅजिट हे नाव सिॲटलच्या उत्तरेला तासाभरावर असलेल्या स्कॅजिट नदीचं. तिथल्या स्टीलहेड (समुद्रात जाऊन येणारा ट्राउट) पकडणाऱ्यांना हिवाळ्यात जड, बुडणाऱ्या टिप (हेडपुढे जोडायचे दोराचे तुकडे) आणि मोठे फ्लाय उचलून फेकायचे होते. त्यातून १९९० च्या दशकात आखूड, जाड आणि पुढच्या टोकापर्यंत वजन असलेलं हेड घडत गेलं. ट्राउटसाठी ते ११ ते २० फुटांचं मिळतं. मागे फारशी जागा नसली तरी चालतं, हात थोडा चुकला तरी सांभाळून घेतं. सगळ्यात महत्त्वाचं, या हेडला पुढे टिप लागतेच. नुसत्या स्कॅजिट हेडला लीडर (फ्लायकडचा पातळ दोर) बांधून फेकाल तर पाण्यावर टेकायला काहीच नसतं, आणि सगळं उडून तुमच्या कानाशी येतं.

स्कँडी हेड स्कँडिनेव्हियातलं. लांबी २० ते ३० फूट, वजन मागच्या भागात, पुढे निमुळतं होत गेलेलं. ते पाण्यावर अलगद उतरतं. पृष्ठभागाजवळ लहान सॉफ्ट हॅकल (मऊ पिसांचे) फ्लाय वळवायचे तर याला तोड नाही. पण वेळ चुकली तर माफी नाही.

पहिलं हेड स्कॅजिटच घ्या, असं माझं मत. काही जुने लोक उलट सांगतील, स्कँडीने हात सुधारतो म्हणतील, आणि ते खोटं नाही. पण नदीवरचे पहिले काही दिवस फ्लाय पाण्यात राहिला पाहिजे, झाडात नव्हे.

हेड रनिंग लाइनला जोडताना घाई करू नका. रनिंग लाइनचा मोठा फासा हेडच्या मागच्या छोट्या फाशातून ओवून घ्या. मग हेडचं गुंडाळलेलं आख्खं वेटोळं त्या मोठ्या फाशातून पार करा आणि ओढा. फासा मोठा ठेवायला सांगितला तो यासाठीच. दोन फासे एकमेकांत समोरासमोर गुंतले पाहिजेत, दोन माणसांनी हात मिळवल्यासारखे. एक फासा दुसऱ्याच्या मानेला आवळून बसलेला दिसला तर सोडा आणि पुन्हा घाला. तसा बसलेला जोड कड्यात खडखडतो आणि कोटिंग कापतो.

हेडचं पुढचं टोक कोणतं, हे पाकिटावरच्या चिठ्ठीवर किंवा हेडवरच छापलेलं असतं. उलटं जोडलेलं हेडही फेकलं जातं, पण वाईट फेकलं जातं, आणि माणूस दिवसभर स्वतःच्या हातांना दोष देत बसतो.

टिप

स्कॅजिट हेडच्या पुढची टिप म्हणजे निर्णय. फ्लाय किती खोल जाणार ते इथे ठरतं. सुरुवातीला दोनच टिप घ्या: एक तरंगती, एक बुडणारी. पाच-सहा टिपांचं पाकीट दुकानात छान दिसतं, पण नदीवर माणूस गरवायचं सोडून टिपाच बदलत राहतो.

बुडणाऱ्या टिपांवर टी-८, टी-११, टी-१४ असे आकडे असतात. आकडा म्हणजे एका फुटाचं वजन, ग्रेनमध्ये. टी-८ चा साडेसात फुटी तुकडा म्हणजे ६० ग्रेन. १० फुटी म्हणजे ८०. हेडवर छापलेल्या वजनात टिपचं वजन धरलेलं नसतं, पण टिप उचलायची हेडनेच, म्हणून दोन्हींत मेळ हवा. ३ वेटच्या २५० ग्रेनच्या हेडपुढे ५० ते ७५ ग्रेनची टिप बरी. ४-५ वेटला ८० ते ११० चालते. टी-१४ ची दहा फुटी टिप म्हणजे १४० ग्रेन. ती स्टीलहेडच्या रॉडची, तिला ट्राउटच्या हेडपुढे लावू नका.

टी-११, टी-१४ यांचा मोह खोल पाणी बघून होतो. पण यकिमाच्या ज्या पाण्यात ट्राउट फ्लाय पाठलाग करून घेतात, तिथे खोली दोन ते पाच फूट आणि वेग माणसाच्या चालीइतका. तिथे तळ खरवडत जाणारी टिप दगडांत अडकते. टिप तशीच ठेवून फेक थोडी वरच्या दिशेला करा, आणि दोर पडल्या पडल्या एक सैल वळण प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका. फ्लायला बुडायला वेळ मिळतो, आणि जास्तीची टिप विकत घ्यावी लागत नाही.

टिप हेडला फाशात फासा घालूनच जोडायची, वर सांगितलं तसंच.

लीडर

ज्यांना एका हाताच्या फ्लाय रॉडची सवय आहे ते इथे हमखास घसरतात. नऊ फुटी, बारीक ५एक्सचा तयार लीडर काढून बुडणाऱ्या टिपला बांधतात. मग टिप खाली तळाशी आणि फ्लाय नऊ फूट मागे, वर तरंगत. बुडणाऱ्या टिपपुढे लीडर आखूडच हवा, तीन ते पाच फूट. निमुळता नको, एकाच जाडीची फ्लुरोकार्बन, ८ ते १० पौंडी. फ्लुरोकार्बन नायलॉनपेक्षा जड, स्वतःच बुडते, दगडाला घासली तरी टिकते. टिपकडच्या टोकाला फासा, दुसऱ्या टोकाला फ्लाय. बस.

टिपेट म्हणजे लीडरचं शेवटचं, सगळ्यात बारीक टोक. त्याच्या एक्सचा, म्हणजे जाडीच्या आकड्याचा, हिशेब सोपा आहे. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरेल तितके हजारांश इंच जाडी. म्हणजे ३एक्स आठ हजारांश, ५एक्स सहा. वळणाने येणाऱ्या फ्लायवर ट्राउट झडप घालतो तेव्हा दोर ताठ असतो, झटका सरळ गाठीवर बसतो. म्हणून ५एक्स-६एक्स इथे नकोच. स्ट्रीमरला (लहान माशासारख्या दिसणाऱ्या फ्लायला) १एक्स-२एक्स, लहान सॉफ्ट हॅकलला ३एक्स, फार तर ४एक्स.

तरंगत्या टिपपुढे किंवा स्कँडी हेडपुढे लीडर लांब लागतो, आणि तो का, हे समजून घेण्यासारखं आहे. स्पे फेकीत दोराचं टोक क्षणभर पाण्याला चिकटतं आणि त्याच आधारावर रॉड वाकतो. त्याला अँकर म्हणतात. स्कॅजिटमध्ये अँकरचं काम टिप करते, तिची मदार लीडरवर नसते. स्कँडीमध्ये टिप नसते, म्हणून तेच काम लीडरला करावं लागतं. त्यामुळे स्कँडीपुढच्या लीडरची लांबी रॉडइतकी किंवा फूट-दोन फूट जास्त ठेवा. अकरा फुटी रॉडला बारा-तेरा फूट.

तो घरी बांधता येतो. २० पौंडी नायलॉन चार फूट, त्यापुढे १५ पौंडी तीन फूट, १२ पौंडी दोन फूट, आणि शेवटी ३एक्स टिपेट तीन फूट. झाले बारा फूट. जोड दुहेरी सर्जन्स गाठीने किंवा ब्लड नॉटने. गाठी घालायचा कंटाळा असेल तर दहा फुटी पॉलीलीडर घ्या. ती कोटिंग केलेली निमुळती दोरी असते, तरंगतीपासून झटपट बुडणारीपर्यंत प्रकार मिळतात, आणि पुढे तीनेक फूट टिपेट जोडलं की काम झालं. स्कँडी हेड आणि दोन पॉलीलीडर, एक तरंगता आणि एक हळू बुडणारा, एवढ्यावर यकिमाचा आख्खा शरद ऋतू निघतो.

स्कॅजिट हेडच्या तरंगत्या टिपपुढे मात्र सात ते नऊ फूट पुरे.

फ्लाय बांधताना स्ट्रीमर, स्कल्पिन, वूली बगर असले तर नॉन-स्लिप लूप गाठ घाला, म्हणजे फ्लाय गाठीत मोकळा हलतो. पार्ट्रिज अँड ऑरेंजसारख्या लहान सॉफ्ट हॅकलला साधी क्लिंच चालते. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास ऑक्टोबर कॅडिस हे मोठे नारिंगी किडे उडतात, तेव्हा नारिंगी अंगाचा आठ-दहा नंबरचा सॉफ्ट हॅकल डबीत असू द्या.

रॉड ओवणे आणि पहिली फेक

रॉडचे चार तुकडे जोडताना सांध्यांवर इलेक्ट्रिकल टेपचा एकेक वेढा द्या. स्पे फेकीत रॉड पिळला जातो, सांधे सैल होतात, आणि वरचा तुकडा फ्लायसोबत नदीत जातो. दोर कड्यांतून ओवताना टोक धरू नका. हेड दुमडून, दुहेरी करून ओवा, म्हणजे हात सुटला तरी सगळं घसरून खाली येत नाही. मग आख्खं हेड रॉडच्या शेंड्याबाहेर काढा आणि रनिंग लाइनही एक ते तीन फूट बाहेर येऊ द्या. यापेक्षा जास्त बाहेर राहिली तर रॉडचा जोर हेडपर्यंत पोचायच्या आत मोडतो.

सराव मैदानातल्या गवतावर करू नका. अँकरला पाण्याची पकड लागते, गवतावर ती मिळत नाही. उथळ, सावकाश पाणी शोधा, आणि फ्लायचा गळ पकडीने कापून फक्त लोकर ठेवा. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी असल्याशिवाय एकही फेक नको. वारा प्रवाहाच्या दिशेने वाहत असेल तर डबल स्पे, उलट्या दिशेने असेल तर सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी. ही सगळी फेकींची नावं. सूत्र एवढंच की अँकर नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगाला पडला पाहिजे, नाहीतर वारा फ्लाय तुमच्याच अंगावर आणतो.

जुळणी चुकलीय की हात, हे ओळखायचं असं. टोक पाण्यावर न टिकता सुटून मागे उडत असेल तर आधी हात सावकाश करून बघा. तरीही सुटत असेल तर टिप हलकी किंवा लीडर आखूड आहे. टोक पाण्यातून उचलतच नसेल तर टिप जड, किंवा तुम्ही मधे फार थांबलात आणि ती बुडाली. हेड सरळ जातं पण टिप आणि फ्लाय ढिगाऱ्यात पडतात तर टिप हेडला पेलवत नाहीये, किंवा लीडर फार लांब. सगळं धप्पकन आपटत असेल तर हेड जड, किंवा तुम्ही हाताचा जोर लावताय. एका वेळी एकच गोष्ट बदला. टिप, लीडर आणि फ्लाय तिन्ही बदललेत तर कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही.

घरी आल्यावर हेड आणि टिप ओलसर फडक्याने पुसून वेगवेगळ्या झिप पिशव्यांत ठेवा, आणि पिशवीवर मार्करने लांबी आणि ग्रेन लिहा. दोन महिन्यांनी ६० ग्रेनची काळी टिप आणि ८० ग्रेनची काळी टिप डोळ्यांनी ओळखता येत नाहीत.

परवान्याचं वर्ष वॉशिंग्टनमध्ये १ एप्रिल ते ३१ मार्च असतं, तेव्हा मार्चमध्ये वर्षभराचा काढू नका. रोझा धरणाच्या वर ट्राउट पकडला की सोडूनच द्यायचा, आमिष चालत नाही, गळ एकटोकी आणि काट्याविना. निघण्याआधी त्या हंगामाचे नियम एकदा वाचा, ते बदलत असतात. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा, रात्रीच्या कालवणाची सोय बाजारातूनच करायची आहे.